कॅलिपरचे आकडे का नाचतात?

प्रश्न : माझ्या छोट्या मिलिंग मशीनच्या तीन अक्षांवर स्वस्तातले तीन डिजिटल कॅलिपर बसवून त्यांची मापे मायक्रोकंट्रोलरमार्फत एकाच पडद्यावर दिसतील अशी जोडणी मी केली आहे. बाकावर चाचणी घेतली तेव्हा सर्व सुरळीत होते. मशीनवर लोखंडी पट्ट्यांनी बसवल्यावर मात्र आकडे उड्या मारतात आणि संगणकाची यूएसबी केबल जोडली की कॅलिपर बंदच पडतात. कॅलिपर सदोष असतील का?

उत्तर : कॅलिपरांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या धातूच्या अंगाकडे पाहावे. या प्रकारच्या अनेक कॅलिपरांमध्ये १.५ व्होल्टच्या सेलचे धन टोक अंगालाच जोडलेले असते, ऋण टोक नव्हे. लोखंडी पट्टीमुळे ते धन टोक मशीनला आणि मशीनच्या अर्थिंगमधून संगणकाच्या अर्थिंगला जाऊन मिळते. तिकडे यूएसबीमुळे आपल्या सर्किटचे ऋण टोकही तेथेच पोहोचलेले असते, म्हणजे पुरवठा चक्क शॉर्ट होतो. मल्टिमीटरने सेलचे धन टोक आणि कॅलिपरचे अंग यांच्यातील जोड तपासल्यास खात्री पटेल. उपाय म्हणून कॅलिपर आणि पट्टी यांच्यामध्ये प्लास्टिकची चकती ठेवावी, आणि बोल्टलाही नायलॉनची नळी व वॉशर घालावेत, कारण बहुतेकांची चूक नेमकी बोल्टपाशीच होते. मशीनचे अर्थिंग काढून टाकण्याचा मोह मात्र कदापि होऊ देऊ नये. त्याने आकडे स्थिरावतीलही, पण जिवाशी खेळ होईल.

एवढे करूनही मोटर सुरू होताच आकडे हलत असतील, तर शील्ड असलेली केबल वापरून शील्ड एकाच टोकाला जोडावी आणि प्रत्येक कॅलिपरच्या पुरवठ्यावर, अगदी त्याच्याजवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. सर्रास आढळणारे कॅलिपर सेकंदाला काही वेळा २४ बिटांचा संच पाठवतात आणि त्यात चूक ओळखण्याची कोणतीही सोय नसते. त्यामुळे क्लॉकचे, म्हणजे प्रत्येक बिटासोबत येणाऱ्या संकेताचे, बरोबर २४ ठोके मोजले गेले तरच माप स्वीकारावे आणि टेबल एका क्षणात जाऊच शकणार नाही एवढी उडी प्रोग्रॅमने नाकारावी.

अचूकतेबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. पडद्यावर ०.०१ मिलिमीटर दिसत असले तरी अशा कॅलिपरची स्वतःची चूक ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर असू शकते. त्यात कॅलिपरची पट्टी टेबलाच्या चालीशी १ अंशाने तिरकी बसली, तर १०० मिलिमीटरमागे सुमारे ०.०१५ मिलिमीटरची भर पडते, म्हणून ती डायल इंडिकेटर (बारीकसा फरक काट्याने दाखवणारे मापक) फिरवून समांतर करून घ्यावी. टेबल सरकवणाऱ्या लीड स्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे त्याच्या आट्यांतील ढिलाई, आता मापात येणार नाही, हा खरा लाभ आहे. तथापि कापताना टेबल त्या ढिलाईत सरकतेच, तेव्हा टेबलाचे लॉक आवळायला विसरू नये. कॅलिपरच्या पट्टीवर कूलंट उडणार नाही असे आच्छादनही हवे, कारण मापन धारितेवर चालते आणि ओल्या थरामुळे ते बिघडते.