नगरपंचायतीची घंटागाडी सुरू झाली, तर घरचा उकिरडा असणाऱ्यांनाही कचरा द्यावा लागेल का? शुल्क भरावं लागेल का?

ओला कचरा उकिरड्यात टाकायला हरकत नाही, पण बाकीचा कचरा वेगवेगळा करून गाडीलाच द्यावा लागेल, आणि ठरलेलं शुल्कही भरावं लागेल. हे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांवरून सांगतो; 2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले आहेत. घरोघरी कचरा गोळा करायची जबाबदारी 2016 च्या नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकली, आणि वेगळा करून देण्याची, शुल्क भरण्याची आपल्यावर. घरच्या घरी खत करण्याला तर त्यात प्रोत्साहनच होतं. म्हणून भाजीची देठं, शेण, उष्टं खुशाल खड्ड्यात जाऊ द्या. प्लास्टिक मात्र अजिबात नको, ते खतासोबत थेट वावरात जातं आणि मग वर्षानुवर्षं वखराला अडकत राहतं.

आपल्याकडे खरी काळजी घ्यायची ती पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारलेल्या औषधाच्या डब्यांची. कीटकनाशकाचे रिकामे डबे 2016 च्या नियमांत घरगुती घातक कचऱ्यात मोडत होते. जुन्या गोळ्या, सुया, बॅटऱ्याही त्यातच. डबा धुऊन पाण्याला वापरणं किंवा भंगारवाल्याला देणं कृपा करून बंद करा, घरात लेकरं असतात. सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळून द्या. रस्त्यावर, नालीत कचरा टाकायला किंवा जाळायलाही मनाई आहे.

एक लक्षात घ्या: शुल्क किती, हे स्थानिक उपविधींत (म्हणजे नगरपंचायतीच्या स्वतःच्या नियमांत) ठरतं, त्यामुळे दुसऱ्या गावचा आकडा धरू नका. घंटागाडीचा प्रस्ताव नगरपंचायतीच्या सभेत यायच्या आधी नगरसेवकाला गाठा आणि घातक कचऱ्यासाठी गाडीत वेगळा कप्पा लेखी मागा.