इनमेट म्हणजे कैदी, तर मग ‘चोरांनी घरातल्या इनमेट्सना बांधून ठेवलं’ असं पेपरात का छापतात? आणि ऑक्युपंट, प्रिझनर, कन्व्हिक्ट यांत फरक काय?

पेपरवाल्यांचं चुकलेलं नाही, त्यांचा शब्द जुना आहे इतकंच. रूममेट, क्लासमेटमधला जो ‘मेट’, तोच इनमेटमधला. मुळात अर्थ एका छपराखाली सोबत राहणारा. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडमध्ये कायदाच झाला होता की एका झोपडीत एकाहून जास्त कुटुंबं ठेवायची नाहीत. असं जादाचं बिऱ्हाड, म्हणजे आपल्या भाषेत पोटभाडेकरू, त्याला इनमेट म्हणत. पुढे हा शब्द घरातून संस्थेत गेला. गरीबखाने, वेड्यांची इस्पितळं, अनाथालयं आणि शेवटी तुरुंग. अमेरिकेत आज इनमेट म्हटलं की डोळ्यांपुढे गजच येतात. आपल्याकडच्या इंग्रजीत मात्र हॉस्टेलचे, आश्रमाचे, घराचेही इनमेट्स अजून सुखाने नांदताहेत.

हे मी पोळलेल्या जिभेने सांगतोय. मी भाषांतरं करतो. एका वृद्धाश्रमाच्या माहितीपत्रकाचं इंग्रजी करताना ‘आमचे निवासी’ला मी बिनदिक्कत ‘अवर इनमेट्स’ लिहिलं. पत्रकं छापून आली आणि तिथल्या एका आजींच्या मुलीचा न्यू जर्सीहून फोन. “काका, आईला आम्ही जेलमध्ये ठेवलंय का हो?” मग दोन दुपारी आश्रमाच्या जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येक पत्रकावर ‘रेसिडेंट्स’ची चिकटपट्टी लावली. मदतीला त्या आजीच होत्या. मुलीपेक्षा त्यांनाच जास्त हसू येत होतं.

प्रिझनर हा सगळ्यांत ऐसपैस शब्द. मनाविरुद्ध कोंडलेला कुणीही प्रिझनर, मग गुन्हा असो वा नसो. 1971 च्या युद्धानंतर भारताच्या ताब्यात आलेले सुमारे 93,000 पाकिस्तानी युद्धकैदी ‘प्रिझनर्स ऑफ वॉर’ होते. त्यांना कुणी कन्व्हिक्ट म्हणणार नाही.

कारण कन्व्हिक्टला कोर्ट लागतं. गुन्हा शाबीत झाला की कन्व्हिक्ट. तुरुंगाच्या कागदांत ‘सिद्धदोष बंदी’ लिहितात, बोलण्यात पक्का कैदी. खटला चालू आहे तोवर तो कच्चा कैदी, कागदावर ‘न्यायाधीन बंदी’, इंग्रजीत अंडरट्रायल. हा अंडरट्रायल आपल्याकडच्या इंग्रजीतला, ब्रिटनमध्ये रिमांड प्रिझनर म्हणतात. आपल्याला स्वतंत्र शब्द लागतो यात नवल नाही. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे. तेव्हा तुरुंगातल्या सगळ्यांना सरसकट कन्व्हिक्ट लिहिणं ही नुसती भाषेची चूक राहत नाही, दर चारांतल्या तिघांवर तो आळ होतो.

तिसरा प्रकार डिटेन्यूचा, म्हणजे स्थानबद्ध. त्याच्यावर खटलाच नसतो. पुढे काहीतरी करील म्हणून आधीच धरून ठेवलेला. आणीबाणीत ‘मिसा’ कायद्याखाली खटल्याविना आत टाकलेले मिसाबंदी आठवा. फरक नीट कळायला पुण्यातच उदाहरण आहे. मार्च 1922 मध्ये अहमदाबादच्या कोर्टाने राजद्रोहाबद्दल गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि ते येरवड्याला आले. तेव्हा ते कन्व्हिक्ट होते. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत पकडून त्यांना आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. ना आरोपपत्र, ना सुनावणी. तेव्हा ते डिटेन्यू. येरवड्याहून हा पॅलेस काही किलोमीटरवर. राहायला महाल, भोवती बाग, तरी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून प्रिझनर मात्र दोन्ही वेळी. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथेच वारले, दोघेही स्थानबद्धच. (अमेरिकेने ग्वांतानामोच्या आपल्या लष्करी तुरुंगातल्या लोकांना ‘डिटेनी’ म्हटलं त्यामागे हिशेब होता. युद्धकैदी म्हटलं असतं तर युद्धकैद्याचे हक्कही द्यावे लागले असते.)

आता ऑक्युपंट. याला कोंडण्याशी काही घेणंदेणं नाही. त्या घडीला जागेत जो आहे तो. अपघातातल्या गाडीत बसलेले चौघे ऑक्युपंट्स. फ्लॅटमध्ये मालक असो, भाडेकरू असो की घुसखोर, राहतोय तो ऑक्युपंट. म्हणून बिल्डरच्या मागे लागून आपण जे ओसी, म्हणजे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, मागतो ते ‘भोगवटा प्रमाणपत्र’: इमारत राहण्याजोगी आहे एवढंच ते सांगतं, मालक कोण ते नाही. पण सातबाऱ्यावर हाच शब्द वजनदार होतो. तिथला ‘भोगवटादार वर्ग 1’ म्हणजे महसूल कायद्यातला ऑक्युपंट क्लास वन, आणि त्याला जमीन विकता येते. वर्ग 2 वाल्याला आधी सरकारी परवानगी काढावी लागते. कोर्टकचेरीचा कागद असेल तर या शब्दाचं भाषांतर अंदाजाने करू नका. ऑक्युपायर आणखी वेगळा. कारखान्यांच्या कायद्यात कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्या हाती तो ऑक्युपायर, मग त्याने तिथे पाऊल टाकलेलं नसलं तरी.

तुमच्या बातमीपुरतं सांगायचं तर मी ‘द फॅमिली’ लिहिलं असतं. घरात पाहुणेही असतील तर ‘ऑक्युपंट्स’. आणि चोर पकडले गेले तरी निकाल लागेपर्यंत अंडरट्रायल.