आज्ञा कुणाची, हे ठरवण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लघुप्रबंधाचा आराखडा वाचला. 'मॉर्मन बहुपत्नीकत्व : दैवी आज्ञा की मानवी निर्मिती?' हे शीर्षक वाचकाला ओढून घेईल, पण तुला अडकवेल. देव बोलला की नाही हे जुन्या कागदांवरून ठरत नाही. त्या प्रश्नाच्या पोटात मात्र काही लहान प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं कागदांतून निघतात. तू त्यांच्यामागे लाग.

पहिला लहान प्रश्न: 'मानवी' म्हणजे कुठल्या माणसाची? हा शब्द दोन विरुद्ध बाजूंचे लोक वापरतात. १८६०मध्ये जोसेफ स्मिथ तिसरा याच्या नेतृत्वाखाली पुनर्गठित झालेल्या चर्चचं म्हणणं होतं की त्याचे वडील, मॉर्मन पंथाचा संस्थापक संदेष्टा जोसेफ स्मिथ, निष्कलंक होता, बहुपत्नीकत्व त्याच्यामागून नेता झालेल्या ब्रिगहम यंगच्या माणसांनी त्याच्या माथी मारलं. नास्तिक टीकाकार म्हणतो की ते खुद्द जोसेफनेच रचलं. एक जण जोसेफला वाचवायला 'मानवी' म्हणतो, दुसरा त्याला पकडायला. समोर यंगच्या मागे गेलेलं, यूटामधलं चर्च आहे. त्याच्या मते आज्ञा खरी होती आणि १८९०पासून ती मागे घेतली गेली. ती आज्ञा मागे घेताच येत नाही असं मानणारे मूलतत्त्ववादी गट आहेत, ते वेगळे. दोन रकाने आखलेस तर हे चौघे त्यात मावणार नाहीत.

यातला एक वाद पुराव्यावर मिटतो: जोसेफने स्वतः अनेक बायका केल्या. हे मी ठामपणे लिहितो, कारण साक्षी एकाच गोटातल्या नाहीत. त्याचा निष्ठावान लेखनिक विल्यम क्लेटन आपल्या रोजनिशीत ते त्याच काळात नोंदवतो, आणि जोसेफपासून फुटलेले लोक ७ जून १८४४च्या 'नॉवू एक्स्पॉझिटर' या वृत्तपत्रामध्ये शपथेवर तेच सांगतात. त्या वृत्तपत्राचा तो एकच अंक निघाला. तीन दिवसांनी छापखाना मोडला गेला आणि त्या प्रकरणातूनच २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम मारले गेले. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन गटांनी एकच गोष्ट सांगितली, तर ती यूटात मागाहून रचली असं म्हणता येत नाही.

आता कामाची पद्धत. प्रत्येक पुराव्याचं एक कार्ड कर आणि त्यावर दोन तारखा लिही: घटना कधीची, आणि ती कागदावर कधी आली. दोन्हींतलं अंतर वर्षांत मांडून कोपऱ्यात लाल शाईने लिही. या विषयातल्या निम्म्याहून अधिक चुका ही दुसरी तारीख न लिहिल्यामुळे होतात.

बहुपत्नीकत्वाचे सिद्धांत जोसेफला १८३१पासून ठाऊक होते, हे विधान घे. त्याला आधार म्हणून जोसेफचा जुना सहकारी डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्सचं पत्र पुढे करतात. ते १८६१चं आहे, अंतर ३० वर्षं. ओहायोतल्या कर्टलंडमध्ये जोसेफच्या घरी कामाला असलेल्या फॅनी अल्जरचं प्रकरण १८३०च्या दशकाच्या मध्यातलं. तिच्याशी जोसेफचं रीतसर लग्न लागलं होतं, हे तपशिलात सांगणारं मोझाया हॅनकॉकचं लेखन १८९६चं, म्हणजे अंतर सुमारे ६० वर्षं. याच प्रकरणाबद्दल जोसेफचा सुरुवातीचा निकटचा सहकारी ऑलिव्हर काउड्रीने जानेवारी १८३८मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात मात्र त्याला घाणेरडं, ओंगळ प्रकरण म्हटलं आहे. काउड्रीचं अंतर तीन-चार वर्षांचं, पण तोवर त्याचं आणि जोसेफचं फाटलं होतं आणि एप्रिलमध्ये त्याला बहिष्कृतही केलं गेलं. म्हणून तारखांखाली तिसरी ओळ ठेव: सांगणाऱ्याचं यात काय गुंतलं होतं. तलवार उपसलेला देवदूत ही आज्ञा पाळायला लावण्यासाठी जोसेफसमोर आला, ही प्रसिद्ध कथाही अशीच तपास. ती त्याच्या मृत्यूनंतरच्या आठवणींतून येते. श्रद्धाळू लेखक ती १८३०च्या दशकात ठेवून देतात आणि वाचकाला ती तेव्हाच लिहिली गेली असं वाटतं.

अंतर वाढलं की काय होतं, ते एकाच साक्षीदारावर पाहता येतं. १२ जुलै १८४३ला क्लेटनने जोसेफच्या तोंडून बहुपत्नीकत्वाच्या साक्षात्काराची दहा पानं लिहून घेतली. त्याच दिवशीची रोजनिशी सांगते की जोसेफ आणि हायरम दोघांनी ते एमाला, म्हणजे जोसेफच्या पत्नीला, वाचून दाखवलं आणि आपला यातल्या एका शब्दावरही विश्वास नाही असं ती म्हणाली. हाच क्लेटन १८७४च्या जबानीत सांगतो की हायरम एकटाच वाचायला गेला आणि बोलणी खाऊन परतला. क्लेटन खोटारडा नव्हता. एकतीस वर्षांत आठवणीला आकार आला, एवढंच. असा फरक सापडला की रोजनिशी धर आणि जबानीतलं वेगळेपण तळटीपेत नोंदव.

त्या दहा पानांची मूळ प्रत नष्ट झाली. ती नष्ट होण्याआधी जोसेफ किंग्सबरीने नक्कल केली होती, ती टिकली. २९ ऑगस्ट १८५२ला यूटातल्या सॉल्ट लेक सिटीत चर्चचा नेता ऑर्सन प्रॅटने बहुपत्नीकत्वाचं जाहीर प्रतिपादन केलं आणि हा मजकूर लोकांसमोर आला. 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' या धर्मग्रंथात तो १८७६मध्ये १३२वं प्रकरण म्हणून शिरला. त्याच आवृत्तीतून १८३५पासून असलेलं विवाहाचं प्रकरण बाहेर गेलं. त्या जुन्या प्रकरणात एका पुरुषाला एक पत्नी, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे जोसेफच्या हयातीत छापील नियम एकपत्नीकत्वाचा होता आणि आचरण दुसरं. हे वाक्य प्रबंधात पहिल्या दहा पानांत यायला हवं.

१३२वं प्रकरण तीनदा वाच, दर वेळी वेगळ्या हेतूने. पहिल्यांदा त्याची सुरुवात पाहा. बायबलमधल्या अब्राहाम, मोशे, दावीद, शलमोन यांच्या अनेक बायकांबद्दल जोसेफने विचारणा केली आणि हे उत्तर आलं, अशी रचना आहे. 'माणसाच्या मनातल्या प्रश्नातून आलं, म्हणून मानवी' हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण साक्षात्कार प्रश्नाच्या उत्तरादाखलच येतो असं ती श्रद्धाच सांगते.

दुसऱ्यांदा वाचताना शेजारी 'बुक ऑफ मॉर्मन' या जोसेफने छापलेल्या धर्मग्रंथामधल्या याकोबाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा ठेव. तिथे २४व्या वचनात दावीद आणि शलमोनाच्या अनेक बायका देवाला किळसवाण्या वाटल्या असं आहे. १३२व्या प्रकरणाच्या ३९व्या वचनात दावीदाला त्या बायका देवानेच दिल्या होत्या, उरीयाच्या पत्नीचं प्रकरण सोडलं तर त्याचं पाप नाही, असं आहे. दोन्ही मजकूर एकाच संदेष्ट्याच्या मुखातून आलेले. ही विसंगती टीकाकारांचं सर्वांत बळकट हत्यार आहे, आणि माझ्या मते तिचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही. पण त्याच दुसऱ्या अध्यायाचं ३०वं वचन गाळू नकोस. देवाला संतती वाढवायची असेल तर तो तशी आज्ञा देईल, अशी पळवाट तिथे १८३०मध्येच छापलेली आहे.

तिसऱ्यांदा मजकुरातले नियम काढ आणि ते आचरणावर लावून पाहा. सगळ्यात जास्त वेळ इथे दे, कारण इथे देवाबद्दल काहीच गृहीत धरावं लागत नाही. ६१वं वचन सांगतं: नवी वधू कुमारिका हवी, दुसऱ्या पुरुषाला वचनबद्ध नको, आणि पहिल्या पत्नीची संमती हवी. आता लुइझा बीमनशी एप्रिल १८४१मध्ये झालेला जोसेफचा विवाहविधी या नियमांवर घास, मग एमिली आणि एलायझा या पार्ट्रिज बहिणींचा. त्या बहिणींचे विधी मार्च १८४३मध्ये एमाच्या नकळत झाले. मे महिन्यात एमाने स्वतः त्याच दोघींना निवडलं, तेव्हा आधीचं न सांगता तिच्यासमोर विधी पुन्हा केले गेले. शिवाय जोसेफशी विधी झालेल्या काही स्त्रियांचे पती हयात होते. यूटाच्या चर्चने २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अधिकृत निबंधात अशा स्त्रियांची संख्या १२ ते १४ अशी अंदाजलेली आहे आणि जोसेफच्या एकूण पत्नींची ३० ते ४०. तेव्हा सरसकट 'बहुपत्नीकत्व' म्हणून भागत नाही. एका बाजूने पाहिलं तर इथे बहुपतिकत्वही आहे.

बचाव पक्षही नीट मांड. ६४ आणि ६५वं वचन म्हणतं की पहिल्या पत्नीने हा नियम नाकारला तर नवरा संमतीच्या अटीतून मोकळा. मग अट कसली, असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटतं. ५४व्या वचनात एमाचं नाव घेऊन तिला विनाशाची धमकी आहे, आणि एका घरातला ताण त्या मजकुरात इतका उघड आहे की लिहिणाऱ्या माणसाचा हात मला तिथे स्पष्ट दिसतो. हे माझं मत आहे. तुझ्या प्रबंधात असं वाक्य 'माझ्या वाचनानुसार' असं म्हणूनच येऊ दे, 'सिद्ध झालं आहे' म्हणून नको.

'सीलिंग', म्हणजे स्त्री-पुरुषाला जोडणारा हा चर्चचा विधी, या शब्दाला सांभाळ. त्याचं भाषांतर नुसतं 'लग्न' केलंस की वाचक बाकीचं आपोआप कल्पून घेतो. काही विधी या जन्मासाठी आणि अनंतकाळासाठी होते, काही फक्त अनंतकाळासाठी. विधी झाला म्हणून शरीरसंबंध होता असं धरू नकोस, आणि नव्हताच असंही नको. एमिली पार्ट्रिज आणि मालिसा लॉट यांनी टेंपल लॉट या चर्चच्या जागेवरून चाललेल्या खटल्यात १८९२मध्ये शपथेवर संबंधांची साक्ष दिली, ती साक्ष आहे. संततीबाबत उलट चित्र दिसतं. ज्यांच्याबद्दल शंका होती त्यांच्यापैकी अनेकांच्या वंशजांची जनुकीय तपासणी झाली, पण जोसेफची एमाशिवाय इतर पत्नीपासूनची संतती आजवर सिद्ध झालेली नाही. संतती वाढवणं हे आज्ञेचं छापील कारण असेल तर हा मुद्दा दोन्ही बाजूंना अवघड आहे. संशयवाद्याला नुसती वासना म्हणून भागत नाही आणि श्रद्धाळूला नुसती संतती म्हणून.

नकारही पुरावा असतो, पण त्याचे शब्द तोलून पाहा. ऑक्टोबर १८४२मध्ये 'टाइम्स अँड सीझन्स' या चर्चच्या नियतकालिकामध्ये एक जाहीर निवेदन आलं: ग्रंथात छापलेल्या विवाहपद्धतीखेरीज दुसरी आम्हाला ठाऊक नाही, चर्चमधून बाहेर पडलेल्या जॉन बेनेटची गुप्त पत्नी-पद्धत ही त्याची स्वतःचीच करणी आहे. सह्या करणाऱ्यांत एलायझा स्नो होती. तिच्याच नंतरच्या प्रतिज्ञापत्रानुसार तिचा जोसेफशी विधी जून १८४२मध्ये झालेला होता. न्यूएल व्हिटनीचीही सही होती आणि त्याने जुलैमध्ये आपल्या मुलीचा जोसेफशी विधी स्वतः लावला होता. बेनेटच्या पद्धतीला नाकारून स्वतःच्या पद्धतीबद्दल गप्प राहायचं, अशी ती घडण आहे. म्हणून जोसेफला दुसऱ्या बायका नव्हत्या, असा एमाने १८७९मध्ये मृत्यूपूर्वी मुलाला, म्हणजे जोसेफ तिसरा याला, दिलेला नकार वाचतानाही तिला खोटारडी ठरवून मोकळा होऊ नकोस. कुणी विचारलं, कुणासमोर, आणि त्या उत्तरावर कुणाचं चर्च उभं होतं, ते लिही.

हेलन मार किंबॉलबद्दल स्वतंत्र परिच्छेद हवा. जन्म ऑगस्ट १८२८, जोसेफशी विधी मे १८४३, वय १४. वडील हीबर किंबॉल यांनीच तिच्यापुढे विषय काढला. 'तेव्हाची रीतच तशी' असं म्हणून पुढे जाऊ नकोस, आणि तिला एक आकडा करूनही सोडू नकोस. तिने १८८१मध्ये मुलांसाठी आपली हकिकत लिहिली, पुढे बहुपत्नीकत्वाच्या समर्थनार्थ छापूनही लिहिलं. चौदाव्या वर्षीचा धक्का आणि प्रौढपणीचं समर्थन एकाच बाईचं आहे. दोन्ही तिच्याच शब्दांत दे आणि मध्ये आपला निष्कर्ष घालू नकोस.

जोसेफला स्वतःला ही आज्ञा खरी वाटत असेल का, हाही स्वतंत्र प्रश्न आहे. मनापासून मानणारा माणूस चुकीचा असू शकतो आणि प्रामाणिक माणूस आपल्याच बायकोपासून गोष्ट लपवू शकतो. 'दैवी की मानवी' या जोडीत हे दोन्ही बसत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा भाग कर.

भारताशी दुवा जोडायचा असेल तर ओढूनताणून जोडू नकोस, खरा दुवा कायद्यात आहे. १८७९च्या रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉर्मन बहुपत्नीकत्वाला धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारताना पतीच्या चितेवर जळणाऱ्या विधवेचं उदाहरण घेतलं. श्रद्धा मोकळी, आचरण कायद्याखाली, हा भेद तिथे पक्का झाला. मुंबई उच्च न्यायालयात १९५१मध्ये नरसू अप्पा माळी प्रकरणात द्विभार्याबंदीचा कायदा तपासताना मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी हाच भेद मांडला आणि डेव्हिस विरुद्ध बीसन या १८९०च्या मॉर्मन खटल्याचा आधार घेतला. एक पान पुरे.

शेवटचं प्रकरण बहुपत्नीकत्व थांबवणाऱ्या १८९०च्या जाहीरनाम्याचं ठेव. १८८७च्या एडमंड्स-टकर कायद्याने चर्चची मालमत्ता जप्तीखाली आली आणि मे १८९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. २५ सप्टेंबरच्या रोजनिशीत चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ लिहितात की चर्चच्या ऐहिक बचावासाठी आपल्याला हे करावं लागत आहे. १८९१च्या नोव्हेंबरमध्ये यूटातल्या लोगनच्या सभेत हेच वुड्रफ सांगतात की हे केलं नाही तर काय होईल ते प्रभूने दाखवलं. या दोन वाक्यांची दोन कार्डं आधी कर, अंतर लिही, आणि ती घेऊनच भेटायला ये.

तुझा हितचिंतक