पावसात बंद पडणारी मोटरसायकल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझी मोटरसायकल एका सिलिंडरची, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेली आणि अकरा वर्षे वापरलेली आहे. कोरड्या हवेत तिची काहीच तक्रार नसते. पावसात मात्र पंधरा-वीस मिनिटे नीट चालल्यावर ती चढावर किंवा वेग वाढवताना झटके खाऊ लागते, सायलेन्सरमधून एक-दोनदा फट्ट असा आवाज येतो आणि थोड्याच अंतरावर इंजिन बंद पडते. त्या वेळी हॉर्न वाजतो, न्यूट्रलचा हिरवा दिवाही लागतो, पण कितीही किक मारल्या तरी गाडी सुरू होत नाही. आडोशाला अर्धा तास उभी केली की ती पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. मेकॅनिकने प्लग बदलल्यावर दोन-तीन आठवडे ती पावसातही बरी चालली आणि मग पुन्हा तेच सुरू झाले. कार्ब्युरेटर साफ करूनही फरक पडला नाही. आता सीडीआय (ठिणगी योग्य वेळी पाडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) बदलावा लागेल, असे तो म्हणतो. बदलावा का?

उत्तर : सीडीआय आत्ताच विकत घेऊ नका. आपण इतके बारकावे लिहिले आहेत की निम्मे निदान आपल्या पत्रातच झाले आहे. पेट्रोल कमी पडून बंद होणारे इंजिन बहुधा हळूहळू दम सोडते, त्याची ओढ कमी होत जाते. आपली गाडी झटके खाते आणि सायलेन्सरमध्ये आवाज होतो, याचा अर्थ असा की सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण पोहोचत आहे, पण प्रत्येक वेळी ठिणगी पडत नाही. न जळलेले मिश्रण तसेच बाहेर जाते आणि तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेट घेते. हॉर्न आणि न्यूट्रलचा दिवा चालू राहतात, त्यामुळे बॅटरी, फ्यूज आणि किल्लीचा स्विच यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. उरतो तो ठिणगीचा मार्ग, म्हणजे इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), तिच्यापासून निघालेली जाड वायर, प्लग कॅप (वायर प्लगला जोडणारे टोपण) आणि ठिणगी पाडणारा प्लग. माझा पहिला संशय प्लग कॅपवर आहे.

प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, आणि सिलिंडरमधल्या दाबाखाली ती ओलांडायला कित्येक हजार व्होल्टचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, लागतो. इतका दाब असलेली वीज प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट मिळाली की त्या वाटेने निघून जाते. स्वच्छ पाणी विजेचे चांगले वाहक नसते, परंतु पुढच्या चाकाने उडवलेल्या पाण्यात माती, क्षार आणि तेलकट घाण असते, आणि कॅपच्या रबरावर किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर त्याचा पातळ थर बसला की तोच थर सिलिंडर हेडपर्यंत नेणारी आडवाट बनतो. वीज एकदा त्या वाटेने गेली की तिथे केसासारखी बारीक काळी रेघ जळून उमटते. ही रेघ कार्बनची, म्हणजे वीज वाहून नेणारी, असल्याने पुढच्या पावसात वीज त्याच जागी आणखी लवकर गळते. म्हणूनच हा दोष आपोआप बरा होत नाही आणि दर पावसागणिक वाढत जातो.

चढावर आणि वेग वाढवतानाच झटके का बसतात, याचेही उत्तर यातच आहे. थ्रॉटल (वेगाची मूठ) जास्त उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि फट ओलांडायला अधिक व्होल्टेज लागते. तेवढे व्होल्टेज चढू लागले की वीज ओल्या कॅपमधून निसटते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर, मंद गतीवर इंजिन निर्धोक चालते, ते याच कारणाने, आणि त्यामुळे मेकॅनिकला दोष दिसत नाही. नव्या प्लगमुळे काही आठवडे बरे वाटले, हेही याला धरूनच आहे. झिजलेल्या प्लगची फट वाढलेली असते. नव्या प्लगची फट कमी आणि त्याची चिनी माती स्वच्छ असल्याने कमी व्होल्टेजमध्ये काम भागले. मूळ गळती तशीच राहिली आणि पुढे वाढली.

मग पंधरा-वीस मिनिटे का लागतात? बहुतेक इंजिनांत प्लग एका खळग्यात बसवलेला असतो आणि त्या खळग्यातले पाणी बाहेर जाण्यासाठी सिलिंडर हेडच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. ते छिद्र चिखलाने किंवा मेलेल्या किड्यांनी बुजले की पाणी खळग्यात साचते आणि प्लगच्या गळ्यापर्यंत चढते. अर्धा तास उभी राहिल्यावर इंजिनाच्या उष्णतेने ते सुकते आणि गाडी सुरू होते. अकरा वर्षांत हे छिद्र कोणी साफ केले असेल, असे मला वाटत नाही. प्लग जागेवर घट्ट असतानाच बारीक तार घालून ते मोकळे करा आणि खळग्यात हवा मारून घ्या. आधी प्लग काढलात तर सुटलेली माती सरळ सिलिंडरमध्ये पडेल.

दोषाची खात्री करण्याची सर्वांत भरवशाची रीत अंधाराची आहे. रात्री मोकळ्या हवेत, कारण बंद जागेत इंजिन चालवणे जिवावर बेतू शकते, गाडी मधल्या स्टँडवर लावून सुरू करा. फुलझाडांवर पाणी मारण्याच्या साध्या बाटलीने प्लग कॅपवर बारीक फवारा मारा आणि रेस थोडी वाढवून एक-दोन मिनिटे वाट पाहा. गळती असेल तर कॅपच्या कडेने निळसर ठिणग्या नाचताना दिसतात, टकटक असा बारीक आवाज येतो आणि इंजिन अडखळते. तसे काही झाले नाही तर कॅप पुसून जाड वायरवर, मग कॉइलवर आणि शेवटी हँडलवरच्या स्विचवर, असे एकेका जागी पाणी मारत जा. सगळीकडे एकदम पाणी ओतले तर गाडी बंद पडेल खरी, पण कशाने बंद पडली ते कळणार नाही. इंजिन चालू असताना कॅपला किंवा वायरला हात लावू नका. बसणारा झटका जबर असतो आणि हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर हा प्रयोग दुसऱ्याकडूनच करून घ्यावा.

कॅप सदोष निघाली तर दुरुस्ती फार मोठी नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत कॅप वायरच्या टोकावर आट्यांनी बसलेली असते. ती डावीकडे फिरवली की सुटते. वायरच्या आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या दिसल्या तर टोकाचा पाच-सहा मिलिमीटरचा भाग कापून टाका आणि नवी कॅप ताज्या तांब्यात घट्ट पिरगाळून बसवा. नवी कॅप जुनीच्याच रोधाची हवी. अनेक गाड्यांत तो ५ किलोओहम असतो आणि मल्टिमीटरने मोजता येतो. कॅपच्या दोन्ही तोंडांच्या रबरी ओठांना आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. हे ग्रीस वीजरोधक असते, त्यामुळे ते रबराला लावायचे, पितळी टोकाला फासायचे नाही. कॅपवर चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडून द्यावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण पट्टीच्या आत शिरलेले पाणी बाहेर यायला वाट उरत नाही. ओलावा हटवणारा फवारा रस्त्यात अडलेली गाडी सुरू करायला उत्तम आहे, पण तो उडून जातो आणि जळलेली रेघ तशीच राहते. काही गाड्यांत वायर कॉइलमध्येच ओतून बसवलेली असते. तिला तडे गेले असतील तर पूर्ण कॉइल बदलावी लागते.

आता सीडीआयविषयी. त्याची पेटी आतून राळेने भरून बंद केलेली असते आणि पाणी सहसा तिच्या आत जात नाही. त्रास होतो तो तिच्या जोडाला. बॅटरीची ऋण वायर सोडवून हा जोड उघडा, पिना हिरव्या पडल्या आहेत का ते पाहा, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पूर्ण सुकवा आणि मगच जोडा. कॉइलची चौकटीला लागणारी अर्थिंगची जागाही घासून स्वच्छ करा. किल स्विचची, म्हणजे हँडलवरच्या इंजिन बंद करणाऱ्या स्विचची, एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. ज्या गाड्यांची इग्निशन मॅग्नेटोवर (इंजिनच्या फिरण्याने वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) चालते, बॅटरीवर नाही, त्यांत किल स्विच एक तार जमिनीला, म्हणजे चौकटीला, जोडून इंजिन बंद करतो. अशा स्विचमध्ये घाणेरडे पाणी शिरले की तो न दाबताही थोडाफार दाबल्यासारखा वागतो. स्विच उघडून साफ करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते सीडीआय घेण्याच्या आधी व्हायला हवे.

एवढे सगळे करूनही गाडी बंद पडली तरच पेट्रोलकडे वळा. टाकीच्या झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत पावसाचे पाणी वाहून नेणारे एक छिद्र आणि त्याला जोडलेली नळी असते. ती बुजली की पाणी झाकणाच्या रबरापाशी तुंबते आणि टाकीत झिरपते. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून, इंजिन थंड असताना, थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढा. पाणी जड असल्याने ते तळाशी थेंबांच्या किंवा वेगळ्या थराच्या रूपात दिसते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल थोडे पाणी स्वतःत मुरवून घेते, पण त्याची मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि ते मिश्रण कार्ब्युरेटरच्या जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) गेले की इंजिन चालत नाही. टाकीत हवा घेणारे छिद्रच बंद असेल, तर बंद पडलेल्या गाडीचे झाकण उघडताच आत हवा शिरल्याचा आवाज येतो. थंड प्रदेशात शून्य ते पंधरा अंश सेल्सिअसच्या आसपास दमट हवेत कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो आणि गाडी थोडा वेळ उभी केली की तो वितळून ती सुरू होते. हे लक्षण आपल्या तक्रारीसारखे वाटले तरी तो प्रकार पाऊस नसताना, नुसत्या धुक्यातही होतो.

प्रश्न : माझी गाडी इंजेक्शनची आहे. जोरदार फवाऱ्याने धुतल्यापासून ती न्यूट्रलमध्ये व्यवस्थित चालते, पण गिअर टाकताच बंद पडते. साइड स्टँडच्या स्विचच्या वायरी कायमच्या जोडून टाका, असा सल्ला मला मिळाला आहे. तसे करावे का?

उत्तर : निदान बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे. स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद व्हावे, हेच त्या स्विचचे काम असते. पाण्याने किंवा चिखलाने तो बिघडला की स्टँड वर असूनही गाडीला ते खाली असल्याचे वाटते. मीटरवर स्टँडचा दिवा असेल तर स्टँड वर घेतल्यावर तो विझतो का, हे पाहिल्यास खात्री पटेल. स्विच साध्या, कमी जोराच्या पाण्याने धुऊन, ओलावा हटवणारा फवारा मारून स्टँड दहा-बारा वेळा वर-खाली करा. अनेकदा एवढ्याने काम होते. नाही झाले तर स्विच बदला. तपासणीपुरती वायर जोडून पाहायला हरकत नाही, पण ती तशीच ठेवून रस्त्यावर जाऊ नका. खाली राहिलेले स्टँड डावीकडे वळताना रस्त्याला टेकते आणि मागचे चाक उचलले जाऊन गाडी आडवी होते. असे पडलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापैकी कोणीही वेगात नव्हते. जोरदार फवाऱ्याचे तोंड स्विच, वायरींचे जोड, चाकांची बेअरिंगे आणि सायलेन्सरचे टोक यांच्यापासून पुढे कायम दूर ठेवा.

प्रश्न : गुडघाभर पाण्यातून जाताना गाडी बंद पडली, तर तिथेच सेल्फ मारून पाहावा का?

उत्तर : नाही, एकदाही नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही, आणि सेल्फच्या एका झटक्यात कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. गाडी ढकलत कोरड्या जागी आणा. एअर फिल्टर उघडा. तो आतून कोरडा असेल तर बहुधा प्लग कॅप भिजली आहे, किंवा कार्ब्युरेटरच्या हवेच्या नळ्यांची टोके पाण्यात बुडाल्याने पेट्रोल थांबले होते, आणि कॅप पुसून किक मारल्यास गाडी सुरू होईल. फिल्टर ओला असेल तर किल्ली बंद ठेवून प्लग काढा आणि छिद्रातून पाणी उडणे थांबेपर्यंत किक सावकाश फिरवा. किक नसेल तर वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने फिरवा. त्यानंतर ऑइलची काच किंवा पट्टी पाहा. ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर इंजिन सुरू करू नका, गाडी टेम्पोत घालून न्या आणि ऑइल व ऑइल फिल्टर दोन्ही बदला; दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत थोडे चालवून पुन्हा एकदा ऑइल बदलावे लागते.