सोलापुरात पाइन लावू का?

प्रश्न: नमस्कार ताई, जुळे सोलापुरात घर बांधलंय, पुढे बऱ्यापैकी मोकळी जागा आहे. बायकोला हिमाचलच्या ट्रिपमध्ये पाइनची झाडं फार आवडली. नर्सरीवाला म्हणतो हे आपलंच भारतीय पाइन आहे, पाणी कमी लागतं, बिनधास्त लावा. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं आणि खाली सगळी काळी माती. लावू का? – एक वाचक

उत्तर: दादा, आधी रोप हातात घेऊन बघा, कारण पाइन म्हणून बऱ्याचदा अरोकेरिया नाहीतर सुरूचं झाडच देतात. सुरूची सुई ओढली की कांड्या-कांड्यांनी सुटते, अरोकेरियाच्या फांद्या एकावर एक मजल्यांसारख्या असतात, आणि हिमाचलातल्या खऱ्या चीड पाइनच्या लांब सुया तीन-तीनच्या झुपक्यात येतात.

आता समजा चीडच आहे. ते भारतीय आहे, एकदा मोठं झालं की कमी पाण्यात तगतं हेही खरं, पण ते हिमालयाच्या उतारावरचं झाड, साधारण 500 ते 2000 मीटरवरचं, तिथं पडलेलं पाणी मुळाशी थांबतच नाही. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चिखल साचून मुळं कुजतात, उन्हाळ्यात पारा 40 च्या वर गेला की हातभर भेगा पडून तीच मुळं तुटतात, त्यात आपल्या मातीतला चुना पाइनला मानवत नाही, सुया पिवळ्या पडायला लागतात. त्यामुळे जमिनीत लावू नका असंच मी सांगेन.

उंच झाड आणि झुकलेल्या फांद्या हव्यात ना? मग अंजन लावा, हे आपल्या दख्खनच्या कोरड्या माळाचं झाड आहे आणि माझं फार लाडकं. पान आपट्यासारखं दोन फाकांचं, फांद्यांची टोकं खाली झुकलेली, वाऱ्यावर इतकं सुंदर हलतं की बघत राहावं. सुरुवातीला वर काहीच वाढत नाही असं वाटेल, घाबरू नका, ते आधी मूळ खोल सोडतं. म्हणूनच रोप छोटं घ्या, पिशवीत मूळ गोल फिरलेलं घेऊ नका. जूनमध्ये दोन पाऊस झाले की 3 फुटी खड्डा, मातीत मुरूम मिसळा, बुंध्यापासून जरा लांब उसाच्या पाचटाचा जाड थर द्या. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सावकाश भरपूर द्या, म्हणजे मुळं खाली जातील. दोन उन्हाळे असं सांभाळलं की पुढं ते स्वतःचं बघतं. फक्त भिंतीपासून 15-20 फूट लांब लावा आणि वरून विजेची तार जात नाही ना तेही बघा, पुढं ते खूप उंच जातं.