मिठूच्या ऑपरेशनसाठी एफडी मोडू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३४ वर्षांच्या आफ्रिकन ग्रे जातीच्या पोपटाच्या, मिठूच्या शेपटीच्या मुळाशी, तेलग्रंथीवर गाठ आली आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. ऑपरेशनचा अंदाज ७०,००० रुपये. पेन्शन ३८,०००, घरखर्च २६,०००. पाच लाखांची एफडी मोडायची की पर्सनल लोन घ्यायचं?

ताई, दोन्ही नको. तीन वर्षांच्या एफडीचे २० महिने झालेत. आता मोडलीत आणि एक टक्का दंड धरला, तर ८,३०० च्या आसपास व्याज जाईल. त्याऐवजी तिच्यावरच ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच रक्कम बँकेकडून उचला. त्याचा दर एफडीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतो, पण व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं. ९ टक्क्यांनी ७०,००० उचलून महिना १०,००० मुद्दल फेडलंत, तर सात महिन्यांत व्याज २,१०० च्या घरात जाईल, आणि एफडी चालूच राहील. महिन्याचे उरलेले दोनेक हजार त्या व्याजाला आणि औषधांना. एफडी जोडनावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतील.

विमा काढायला धावू नका, निदान झालेला आजार त्यात बसत नाही. आयकरातल्या ८० डी या आरोग्यखर्चाच्या वजावटीतही हा खर्च धरता येत नाही.

खरा प्रश्न ७०,००० नंतरच्या खर्चाचा आहे. ही गाठ त्याच जागी पुन्हा येऊ शकते. शेपटीच्या मुळाशी जखम झाकायला कातडी कमी पडते, पक्षी टाके चोचीने उपसतो, म्हणून गळ्यात कॉलर घालतात आणि मग काही पोपट खाणंच सोडतात. दुसरं बिल इथेच येतं. म्हणून अंदाज सुटा मागा: एक्स-रे व रक्ततपासणी, भूल, ऑपरेशन, काढलेल्या गाठीची तपासणी, दाखल ठेवण्याचे दिवस, ड्रेसिंग. गाठ कडेच्या निरोगी भागासकट पूर्ण निघेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नाही म्हणाले, तर मी ऑपरेशनवर पैसे घालणार नाही. वेदनाशामक, ऊब आणि मऊ खाणं यावर मिठूचे दिवस सुखाचे करीन. हो म्हणाले, तर जरूर करा. जपलेला ग्रे पन्नाशीही गाठतो.

सगळा खर्च मिळून ९०,००० च्या पुढे जायचं नाही, हे आजच वहीत लिहून ठेवा. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी हा आकडा ठरवता येत नाही.

रोज सकाळी खाण्याआधी मिठूला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. ४५० ग्रॅमचा पक्षी ४५ ग्रॅमने उतरला तर भूल देणं जोखमीचं होतं. ॲडव्हान्स भरण्याआधी चार-पाच दिवसांची ही वजनं डॉक्टरांपुढे ठेवा.