गाईंमधला बर्ड फ्लू माणसाच्या पेशींना चिकटू शकतो का?

चिकटतो, पण सगळीकडे सारखा नाही. विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आपल्या पेशीवरच्या सियालिक आम्लाला धरतं. हे आम्ल शेजारच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं: पक्ष्यांत मुख्यतः अल्फा २,३, आपल्या नाका-घशात मुख्यतः अल्फा २,६. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत सापडलेला एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू प्रामुख्याने पहिलीच जोडणी पकडतो. ती आपल्या डोळ्यांच्या पातळ आवरणात असते. तिथल्या गोठ्यांतल्या बऱ्याच बाधित कामगारांचे डोळे लाल झाले, त्यामागे हेही एक कारण मानतात. मला खरी धास्ती वाटते ती वेगळीच: प्रयोगशाळेत या प्रथिनात २२६ व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसिन हे दुसरं अमिनो आम्ल आणलं आणि त्याची पकड माणसाच्या रिसेप्टरकडे, म्हणजे अल्फा २,६ जोडणीकडे वळली. एकच बदल!